स्टँडवर बरोबर, रस्त्यावर नाही

आमच्या बालीगंजच्या घरात एक सायकल दुरुस्त करण्यात वर्षातला बराच काळ गेला, आणि ती सायकल बिघडलेलीच नव्हती. बिघडत होता तो माझ्या नवऱ्याचा उजवा हात. आता हे दोन वाक्यांत लिहून होतं. तेव्हा ते कळेपर्यंत केबल, केबलचं आवरण, साखळी, मागची दातेरी चक्रं आणि माझा संयम एवढं सगळं खर्ची पडलं. संयम माझ्याकडे मुळातच बेताचा आहे.

नवरा एका सरकारी कंपनीत तपासणी अधिकारी. पुरवठादार जो माल पाठवतात तो मापून, ठोकून बघायचा आणि बसत नसेल तर परत पाठवायचा, हे त्याचं काम. मी बँकेत होते. त्याच्या बदल्या आणि माझ्या बदल्या यांचा मेळ बसेना, तेव्हा दोघांपैकी एकाने नोकरी सोडायची ठरलं आणि अर्थातच माझी सुटली. हे मी अजूनही जेवताना अधूनमधून काढते. आम्ही एका कॉलेजातले, त्यामुळे अरेतुरे, आणि भांडणंही बरोबरीची. मुलगी बंगळुरूला नोकरी करते. कलकत्त्यात आम्ही दोघंच होतो, दुसऱ्या मजल्यावरच्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये.

गिअरची सायकल त्याने इथे आल्यावर घेतली. हे शहर पोळपाटासारखं सपाट. इथे गिअर कशाला हवेत, असं मी विचारलं होतं. “पूल आहेत ना,” तो म्हणाला. मोठ्या रस्त्यांवर सायकलला बंदी, पोलीस शिट्टी मारून उतरवतो, म्हणून तो गल्लीबोळांतून लेकवर, म्हणजे इथल्या मोठ्या तळ्यावर जायचा, त्याभोवती फेऱ्या मारायचा आणि येताना मुद्दाम वाट वाकडी करून रेल्वेवरच्या पुलावर चढायचा. इथे उन्हाळ्यात पाचलाच लख्ख उजाडतं. मी उठेपर्यंत स्वारी घामाघूम होऊन, येताना कोथिंबीर घेऊन परतलेली असायची. त्या काळात तो खूश होता. निवृत्ती जवळ आली होती, पुण्याला बदलीचा अर्ज दिलेला होता, आणि सकाळचा एक तास त्याला कुणीही काहीही मागत नव्हतं.

दुर्गापूजा संपली, रस्तोरस्ती मांडव उतरवायला लागले, त्या सुमारास एक दिवस तो तणतणत घरी आला. “चढाला गिअर पडत नाहीये.”

मला त्याने गॅलरीत उभं करून सगळं समजावून दिलं. मी म्हणजे जणू नव्याने आलेली पुरवठादार. उजव्या मुठीशी दोन खटके असतात, त्या जोडीला शिफ्टर म्हणतात. मोठा खटका अंगठ्याने ढकलायचा, की केबल ताणली जाते, साखळी मोठ्या चक्रावर चढते आणि पाय हलके होतात. छोटा खटका बोटाने नुसता दाबायचा, की केबल सुटते आणि साखळी लहान चक्रावर उतरते. उतरायला जोर लागत नाही, चढायला लागतो. त्याच्या सायकलची साखळी उतरत व्यवस्थित होती, पण चढताना अर्ध्यात खडखडायची आणि होती तिथेच परत पडायची.

“केबल ढिली झाली,” तो म्हणाला. “अर्धा फेरा पीळ दिला की झालं.”

केबल जिथे मागच्या चाकाशी पोचते तिथे एक छोटी गोल चकती असते. ती फिरवली की केबलचा ताण कमी-जास्त होतो. त्याने अर्धा फेरा दिला. मागचं चाक उचलून धरणारं एक स्टँड त्याने घेतलं होतं, ते गॅलरीत मांडून पेडल फिरवलं आणि गिअर टाकले. साखळी एकेक पायरी चढत वर गेली, एकेक पायरी उतरत खाली आली. आवाज अगदी शहाण्या मुलासारखा. दुसऱ्या दिवशी पुलावर पुन्हा तेच.

आता माझ्या नवऱ्याची पद्धत सांगायला हवी, नाहीतर एवढे महिने का गेले ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा धर्म. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, असं त्याचं म्हणणं. भाजी खारट झाली तरी तो आधी विचारतो, मीठ वेगळं होतं की चमचा वेगळा. त्यामुळे केबलचा ताण बदलून तो आठवडाभर फिरला. मग केबलच बदलली. इथल्या हवेत मीठ डबीत पाणी सोडतं, तिथे तार गंजणारच, हे मलाही पटलं. जुनी केबल ओढून काढली तेव्हा ती चांगली निघाली, तर तो हिरमुसला. मग आवरण बदललं. मग साखळी मापली. ती थोडी झिजली होती, तर त्याला इतका आनंद झाला की संध्याकाळी आम्ही मिष्टी आणून खाल्ली. नवी साखळी घातली, स्टँडवर मांडली, गिअर लोण्यासारखे पडले. सकाळी पुलावर पुन्हा तीच खडखड.

स्टँडवर बरोबर, रस्त्यावर नाही. हे कोडं त्याच्या डोक्यात असं बसलं की उठता-बसता दुसरा विषय नाही. मी वैतागले होते. गॅलरीत ग्रीस, दिवाणखान्यात ग्रीस, माझ्या जुन्या ओढणीचं त्याने फडकं केलेलं. पहिल्या मजल्यावरच्या बौदी, म्हणजे बंगाली वहिनी, जिन्यात भेटल्या की हसून विचारायच्या, “दादा का सायकिल आज कैसा है?” घरात कुणी आजारी असल्यासारखं. मीही हसून सांगायचे, “वैसा ही है.”

शेवटी मी म्हटलं, सरळ दुकानात ने. त्याला दुकानात नेणं म्हणजे हार वाटत होती, पण नेली. एस्प्लनेडच्या पुढे सायकलींच्या दुकानांची रांग आहे, तिथे एका रविवारी आम्ही टॅक्सीच्या टपावर सायकल बांधून गेलो. मी बरोबर गेले कारण तो दुकानदाराशी हुज्जत घालणार हे मला माहीत होतं. त्याचा संशय हँगरवर होता. हँगर म्हणजे मागचं गिअर ज्याला लटकतं तो छोटा कान. मांडवाच्या बांबूला धडकून तो वाकला असेल, असा त्याचा सिद्धांत. मिस्त्रीने हँगरला लांब दांडीचं हत्यार लावून मापलं. सरळ होता. मग मिस्त्री स्वतः सायकलवर बसला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन सगळे गिअर टाकत परत आला आणि म्हणाला, “दादा, गाडी में कुछ नहीं है. मक्खन चल रहा है.”

परतताना टॅक्सीने पार्क स्ट्रीट ओलांडल्यावर नवरा म्हणाला, “तो हडकुळा आहे. त्याचं वजन किती असेल? भार आला की फ्रेम वाकते, फ्रेम वाकली की केबल सैल पडते. दोष भाराचा आहे.”

“मग तू बारीक हो,” मी म्हणाले. माझ्या दृष्टीने तिथे विषय संपला होता.

त्याच्या दृष्टीने तिथून खरा सुरू झाला. आता भाराची चाचणी. हिवाळा आला होता. एका सकाळी त्याने सायकल स्टँडवर मांडली आणि मला म्हणाला, तू उजव्या बाजूला उभी राहा आणि सीटवर दोन्ही हातांनी जोर दे. फोडणीचा गॅस बंद करून मी गेले. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई आमच्याकडे बघत होती. मी साडीचा पदर खोचून सीटवर सगळं वजन टाकलं आणि म्हटलं, हं, कर काय करायचं ते.

तो सायकलच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला. त्या बाजूचं पेडल त्याच्या उजव्या हाताशी, साखळी पलीकडे. उजव्या हाताने तो पेडल फिरवायला लागला. मग गिअर टाकायला त्याचा डावा हात वर आला, हँडलवरून पलीकडे गेला आणि डाव्या अंगठ्याने त्याने खटका ढकलला. कट्. साखळी चढली. कट्. परत चढली. मी वरून बघत होते. उजवा हात पेडलवर गुंतलेला, मग दुसरं काय करणार? कुणीही असंच केलं असतं. पूजेपासून तो असंच करत होता.

मी सीटवरचा जोर काढला. “उजव्या हाताने ढकल,” मी म्हणाले.

“मग पेडल कोण फिरवणार?”

“मी फिरवते.”

मी पलीकडे जाऊन त्याच्याशेजारी बसले आणि पेडल फिरवायला लागले. त्याने उठून उजवी मूठ हँडलवर ठेवली, रस्त्यावर ठेवतो तशी, आणि अंगठ्याने खटका ढकलला. खटका निम्म्यापर्यंत गेला आणि थांबला. साखळी खडखडली. त्याने पुन्हा ढकलला. अंगठा थरथरत होता, खटका पुढे जात नव्हता. साखळी पुन्हा खडखडली आणि खाली पडली.

“परत फिरव,” तो म्हणाला.

मी फिरवत राहिले. त्याने डाव्या हाताने ढकलला, कट्. उजव्या हाताने, खडखड. डाव्या हाताने, कट्. उजव्या हाताने, खडखड. एका वेळी एकच गोष्ट बदलून त्याने ते इतक्या वेळा केलं की माझा खांदा भरून आला. मग त्याने हँडल सोडलं, माझ्या ओढणीच्या फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, “ठीक आहे. सायकल ठीक आहे.”

त्या दिवशी मी त्याचा हात पहिल्यांदा नीट धरून बघितला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जो मांसल उंचवटा असतो तिथे खळगा पडला होता. कातडीखाली काहीतरी बारीक उडत होतं, डोळा फडफडतो तसं, थांबायचं नाव नाही. मग मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. शर्टाऐवजी टी-शर्ट का घालायला लागला होता? तर गुंड्या लागत नव्हत्या. मला मात्र त्याने हवा दमट आहे असं सांगितलं होतं. दाराची किल्ली नेहमी मला का फिरवायला लावायचा? डाव्या हाताची नखं वाढलेली का? नेलकटर उजव्या हातात दाबला जात नव्हता म्हणून. एकेक गोष्टीला त्याने वेगळं कारण देऊन ठेवलं होतं आणि ताकास तूर लागू दिली नव्हती. मी त्याच्यावर ओरडले. एवढा मोठा तपासणी अधिकारी, जगातले सगळे स्क्रू संशयित, आणि स्वतःचा हात तेवढा निर्दोष! तो म्हणाला, “मला वाटलं गिअर जड झाल्यामुळे अंगठा दुखावलाय.” म्हणजे उलटं. सायकलमुळे हात. त्याला ते खरंच वाटत होतं, हे त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं, आणि मग ओरडण्यात काही अर्थ राहिला नाही.

“उद्या डॉक्टरकडे जायचं,” मी म्हणाले.

“मे महिन्यात दाखवू की. पुण्याला.”

हे बाहेरच्यांना विचित्र वाटेल. बदलीच्या नोकरीतल्या घरांना वाटणार नाही. आमच्यात दुखणी साठवतात. ताप, पोट, खोकला यांना गावचा डॉक्टर. बाकी दात पुण्याला, डोळे पुण्याला, गुडघे पुण्याला. सगळे अवयव बॅगेत भरून आम्ही दर उन्हाळ्यात माहेरी निघाल्यासारखे निघतो, आणि पंधरा दिवस नातेवाइकांपेक्षा डॉक्टरांना जास्त भेटतो. जिथे तीन वर्षांनी ओळख पुसायचीच आहे तिथल्या डॉक्टरच्या हाती मोठं दुखणं कोण देणार? गुवाहाटीत, भोपाळला, विशाखापट्टणमला आम्ही हेच केलं. माझी एक दाढ मी दोन ऋतू गालात धरून ठेवली होती. त्यात बदलीचा हुकूम कधीही येईल अशी हवा होती. आला की इथलं अर्धवट सोडून तिथे पहिल्यापासून सगळं सांगायचं, त्यापेक्षा थांबलेलं बरं, असं तो म्हणायला लागला. मी भांडले, रोज भांडले. पण हात त्याचा होता, आणि हट्टाच्या बाबतीत आमच्यात तो वरचढ.

त्याने एक रबरी चेंडू आणला आणि तो दाबत बसायला लागला. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, जेवण वाढेपर्यंत. व्यायामाने येईल ताकद, म्हणायचा. मला तो चेंडू बघवत नव्हता. चेंडू दबत नव्हता, उलट खळगा वाढत होता. बौदींनी हाताबद्दल ऐकलं आणि ताबडतोब निर्णय दिला, “साउथ ले जाइए.” या शहरात कुणालाही काहीही झालं की साउथ, म्हणजे दक्षिणेतली मोठी इस्पितळं. त्यांच्या दिरांना नेलं होतं, नणंदेला नेलं होतं. त्यांना इथला डॉक्टर नको, आम्हालाही नको. आमचं पुणं, त्यांचं साउथ, एवढाच फरक.

त्याला डॉक्टरकडे आणलं ते पडण्याने. सायकल बंद करायला तो तयार नव्हता, एकाच गिअरवर जायचा. वसंत सुरू झाला असेल, उजाडता उजाडता पुलाच्या उतारावर भाजीची सायकल-व्हॅन आडवी आली. पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. तो दाबला, पण दाबला गेला नाही. व्हॅनवाल्यानेच त्याला उचलून घरी आणलं. कोपर सोललेलं, गुडघा फुटलेला. हाड मोडलं नव्हतं. नवऱ्याने डेटॉल लावून घेतलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “चल, कुठे जायचंय तिथे.”

डॉक्टर बंगाली, वयस्कर, मऊ आवाजाचे. स्नायूंत सुया टोचून एका यंत्रावर आवाज ऐकायच्या चाचण्या आधीच झाल्या होत्या, मानेचे फोटो झाले होते, रक्त दहा बाटल्यांत गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “कब से?” आणि नवऱ्याने पूजेपासूनची कहाणी सुरू केली. केबल, आवरण, साखळी, हँगर, भार. मी लाजेने चूर होत होते, बाहेर माणसं खोळंबली होती. पण डॉक्टरांनी त्याला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून ते म्हणाले, आम्हीही असंच करतो. या आजाराची अशी एक चाचणी नाही. मानेत नस दबलेली नाही, थायरॉईड नाही, शिसं नाही, दुसरा कुठलाही इलाज होण्यासारखा आजार नाही. एकेक काढून टाकत गेलो की शेवटी हा उरतो.

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी मरत जातात. हात, मग दुसरा हात, पाय, घास गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी शाबूत राहते. ही शेवटची गोष्ट त्यांनी चांगली बातमी दिल्यासारखी सांगितली आणि मग त्यांनाच बहुतेक ते जाणवलं, कारण ते खिडकीकडे बघायला लागले.

नवऱ्याने विचारलं, “कोई रिपेअर?”

“नहीं,” डॉक्टर म्हणाले. एक गोळी आहे, ती थोडं लांबवते.

मी विचारलं, आम्ही हिवाळ्यात आलो असतो तर? त्यांनी मान हलवली. फरक पडला नसता, तुम्ही त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हे त्यांनी माझ्या भल्यासाठी सांगितलं, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इतके महिने भांडले होते. मला बरोबर ठरायचं होतं. पुण्यावर, मे महिन्यावर, या माणसाच्या हट्टावर दोष टाकून मी थोडी तरी हलकी झाले असते. तेही मिळालं नाही. टॅक्सीत बसल्यावर मी रडले, तेव्हा नवऱ्याने डावा हात माझ्या पाठीवर ठेवला. गरियाहाटच्या गर्दीत टॅक्सी बराच वेळ अडकली होती आणि ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघायचं टाळत होता.

मे महिन्यात आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघून तेच सांगितलं, फक्त मराठीत. ते मात्र ऐकवलं नाही. हिंदीत थोडं लांबचं वाटत होतं. मुलगी आली होती. ती तिच्या बाबांना सारखी पाणी आणून देत होती. बदलीचा अर्ज कंपनीने आता आजारपणाच्या खाली घेतला आणि पावसाळ्यानंतरचा हुकूम निघाला.

परत आल्यावर तो म्हणाला, “शिफ्टर डावीकडे घेऊ.”

मी आधी नाही म्हणाले. मग त्याच्याकडे बघितलं आणि हो म्हणाले. त्याच दुकानात गेलो. मिस्त्रीने उजवा हात बघितला, डावा बघितला आणि कामाला लागला. उजव्या बाजूचा शिफ्टर डावीकडे उलटा बसतो, खटका मुठीखाली यायचा तो वर येतो. त्याने तसा बसवला, नवी केबल लांबून फिरवून आणली. ब्रेक जो डावा होता तोच, मागचा. म्हणून मी अट घातली: फक्त लेकवर, फक्त तळ्याकडेच्या सपाट रस्त्याला, आणि मी बरोबर. सायकल मी ढकलत न्यायची, तिथे पोचल्यावर त्याने बसायचं.

ते काही आठवडे बरे गेले, असं म्हणायला हवं. मी बाकावर बसायचे. तळ्यात बोटी वल्हवणारी मुलं, सकाळी हसण्याचा व्यायाम करणारे म्हातारे, आणि झाडांमधून माझा नवरा डाव्या अंगठ्याने गिअर चढवत-उतरवत येतोय. सपाट रस्त्यावर गिअर बदलायची काही गरज नव्हती. तो बदलायचा. माझ्यासमोरून जाताना मुद्दाम दोन-तीनदा बदलायचा, कट्, कट्, आणि मी मान डोलवायचे. घरी आल्यावर मी त्याला आंघोळ घालायचे, उजवा हात आता नुसता लोंबत असे. दुपारी तो मला सायकल शिकवायचा. बसायला नाही, दुरुस्त करायला. त्याचा हात तिथे पोचत नाही म्हणून माझा. हा स्क्रू साखळीला आत चाकात जाऊ देत नाही, तो बाहेर पडू देत नाही. नवी केबल पहिले काही दिवस ताणते, तेव्हा पीळ द्यावा लागतो. बोटांना ग्रीस लागलं की मी त्याच्यावर करवादायचे. तो म्हणायचा, ओढणी घे.

मग एक सकाळ. पाऊस नव्हता, उकाडा होता. मी बाकावर होते. वळणापलीकडून सायकल येण्याआधी आवाज आला. खडखड. थांबून परत खडखड.

तो माझ्याजवळ येऊन थांबला, एक पाय जमिनीवर टेकवला. मी त्याला काही बोलूच दिलं नाही.

“केबल ताणली,” मी म्हणाले. “नवी आहे ना.”

मी खाली बसले आणि चकती अर्धा फेरा फिरवली. “जाऊन ये.” तो गेला आणि आला. खडखड. मी मागे उभी राहून एक डोळा मिटून हँगर बघितला. सरळ होता. साखळी बघितली. दोन्ही स्क्रू बघितले. त्याला उतरवलं, सीट धरून मागचं चाक उचललं, त्याला पायाने पेडल फिरवायला सांगितलं आणि दुसऱ्या हाताने लांबून मी स्वतः खटका ढकलला. कट्. साखळी चढली. परत ढकलला, परत चढली. मी चाक खाली ठेवलं. पुण्याला निघायच्या खोक्यांवर मी काय काय लिहिलंय, कुठल्या खोक्यात चमचे आहेत, असलं काहीतरी मला आठवत होतं. उजवा हात घ्यायला त्या आजाराला इतका वेळ लागला होता. डावा इतक्या लवकर कसा घेईल, असं मी मनातल्या मनात कुणाशी तरी भांडत होते.

नवरा माझ्याकडे बघत उभा होता. त्याचा डावा अंगठा त्याने मुठीत लपवला होता.

“अजून अर्धा फेरा देते,” मी म्हणाले. “कमी पडलाय. आता चढेल.”

मी खाली बसून चकती फिरवली, किती ते मलाही माहीत नाही. उठले तेव्हा मला वाटलं, आता तो सांगेल. सगळं आयुष्य त्याने चुकीच्या गोष्टीला चुकीचं म्हणण्यात घालवलं होतं. त्याने माझ्या बोटांवरचं ग्रीस बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

“बरं,” तो म्हणाला, आणि सीटवर बसून माझ्यासाठी आणखी एक फेरी मारायला गेला.